डबीतली सुपारी

आमच्या लिंगायत घरात भाकरीचा पहिला घास तोंडात जायच्या आधी हात गळ्याशी जायचा. गळ्यात शिवदारा म्हणजे कापसाचा जाड दोरा, त्याला फिरकीची चांदीची डबी, आणि डबीत इष्टलिंग, शिवाचं सुपारीएवढं काळं रूप. बाळ जन्मलं की जंगम अय्या, म्हणजे आमचे गुरू, येऊन ते बांधतात, आणि माणूस गेला की त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून त्याच्याबरोबर मातीत देतात. मधल्या सगळ्या आयुष्यात ते अंगावेगळं करायचं नाही, अगदी अंघोळीलासुद्धा नाही. अंघोळ झाली की लिंग डाव्या हातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं, डोळे भरून बघायचं आणि मगच चुलीपुढं बसायचं. माझं लिंग मी दात येताना चावलं होतं म्हणे. त्याच्या काळ्या लेपावर कडेला एक बारीक खोक होती. पूजा करताना माझा अंगठा आपोआप त्या खोकेवर जायचा आणि अव्वा, म्हणजे आमची आई, मला दटावायची, "गंगे, देव हाय तो, चिंचोका न्हवं."

अव्वा कन्नड मुलखातली, आळंदच्या बाजूची. रागावली की मराठी विसरायची. जळकोटात आमचं डाळ-गुळाचं दुकान हमरस्त्यालाच होतं. पुढं दुकान, मागं घर. एकदा डाळ पाखडताना अव्वाच्या गळ्यातला दोरा तुटला आणि लिंग कुठंतरी डाळीत पडलं. त्या दिवशी तुरीची अकरा पोती अंगणात ओतून आम्ही चाळली. दोन दिवस लागले. दोन दिवस अव्वा खांबाला टेकून बसून होती. अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, कुणी तांब्या पुढं केला तर तोंड फिरवायची. लिंग सापडलं तेव्हा तिला उठताही येत नव्हतं. अप्पांनी, म्हणजे वडलांनी, ते तिच्या हातावर ठेवलं, तिनं पूजा केली आणि मग पाणी मागितलं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून पुढं ती जे बोलली, ते नुसतं बोलणं नव्हतं हे मला ठाऊक होतं.

माझा थोरला भाऊ चन्नबसप्पा, माझा अण्णा, हैदराबादेला शिकायला होता. त्या उन्हाळ्यात तो आला तो चांगली दाढी करून, उर्दू पेपर काखेत मारून, आणि देव मानत नाही असं म्हणत. आता माझा पुण्याचा नातू जेवताना असलं काहीतरी बोलतो आणि त्याची आई त्याला वर आणखी वाढते. आमच्या वेळी असलं बोलणं म्हणजे घराला आग लावणं होतं, माय! अप्पांच्या हातातलं तराजूचं पारडं तसंच लोंबकळत राहिलं.

"मानत न्हाईस, म्हंजे देव न्हाई असंच म्हणतोस न्हवं?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई अप्पा. देव हाय असं मला वाटत न्हाई, एवढंच म्हणतो. न्हाईच, असं छाती ठोकून कशाला म्हणू? तेवढं मला कुठं म्हाईत हाय?"

"दोन्ही एकच!"

"एक कसं?"

"आरं, न मानणं बी एक मानणंच असतं. तुजा बी एक धर्मच झाला तो."

अण्णा हसला. त्याचं हसणंच त्याचा घात करायचं. "अप्पा, आपल्या दुकानात केशर न्हाई. मग ‘केशर न्हाई’ नावाचा माल तुमी कुठल्या पोत्यात ठेवलाय?"

समोरच्या पत्र्याखाली शिलाई मशीन मारत बसणारे मुनीरचाचा खो खो हसले, आणि अप्पा आणखी पेटले. तिथून पुढं रोज दुपारी दुकानाच्या ओट्यावर हाच वाद. बाहेर ऊन मी म्हणायचं, रस्त्यावरून एखादी मोटार धुरळा उडवत जायची, आणि आत हे. मी आतल्या दाराशी शेंगा फोडत बसायचे. शेंगा कमी फुटायच्या आणि कान जास्त उघडे असायचे.

शाळेचे मास्तर गूळ न्यायला आले की तेही त्यात पडायचे. ते ब्राह्मण, तुळजापूरकडचे, बोलायच्या आधी घसा खाकरायचे. एक दिवस अप्पांना म्हणाले, "वीरप्पा, आधी शब्दाचा अर्थ तर ठरवा. देव न मानणारा तो नास्तिक, हा आपला बाजारातला अर्थ झाला. शास्त्रात नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. देव नाही मानला तरी चालेल, वेद मानला की आस्तिक."

अप्पा गूळ फोडत होते. थांबले. "आन जो देव मानतो पर वेद मानत न्हाई, तो?"

मास्तरांनी घसा खाकरला. "तो... शास्त्राप्रमाणं पाहिलं तर नास्तिकच."

आमच्यात वेद मानत नाहीत हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. "म्हंजे म्या?" अप्पांचा आवाज इतका खाली गेला की मी शेंगा ठेवून दिल्या. "शिवाचं नाव घेतल्याबिगर पाणी न पिणारा म्या नास्तिक?"

"मी नाही म्हणत हो. शास्त्र म्हणतं."

"मग शास्त्राला सांगा, गूळ दुसऱ्या दुकानात बघ."

मिटवायला म्हणून मुनीरचाचा उठून आले. "अरे भई, हमारे में तो सीधा हिसाब है. एक को माना तो माना, नै तो नै."

"मग चाचा, अप्पा तर एका शिवालाच मानतात की!" अण्णानं लगेच पकडलं.

चाचांनी अप्पांच्या गळ्यातल्या डबीकडं पाहिलं, डोकं खाजवलं. "वो तो है... मगर गले में लटका के..."

झालं! अप्पांनी दुकानाची फळीच लावून घेतली. त्या दिवशी अण्णा आत येऊन मला म्हणाला, "बघितलंस गंगे? हरेकाकडं एकेक माप हाय, आन त्या मापात दुसरा कोनीतरी नास्तिक निघतोच." त्याला गंमत वाटत होती. मला मात्र भीती वाटत होती, कारण त्याच्याबद्दल एक गोष्ट फक्त मला माहीत होती.

ती अशी कळली. सकाळी तो परसात अंघोळ करत होता आणि त्याची डबी खुंटीला टांगलेली मी पाहिली. अंघोळीला डबी काढलेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. धावत जाऊन उचलली, आणि फिरकी उघडली. आत सुपारी. एक साधी, गोल, खायची सुपारी!  तेवढ्यात ओल्या अंगानं तो आला.

"लिंग कुठाय तुजं?"

"नदीत सोडलं, तिकडं."

"अण्णा!"

"हळू. रोज हातावर घेऊन बघत बसायचो गंगे. काही म्हंजे काही वाटत न्हवतं. नुसतं नाटक. म्हणून हात जोडून सोडून दिलं, फेकलं न्हाई. अव्वाला दिसाया नको म्हणून डबी घालतो. नुसती डबी वाजत न्हाई, हलकी लागती, म्हणून सुपारी." आणि वर म्हणतो कसा, "भिजली की फुगती, म्हणून खुंटीला लावली." त्यानं माझ्याकडून शप्पथ घेतली. देव न मानणारा माणूस देवाची शप्पथ घ्यायला लावत होता, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पण अव्वाला कोण फसवणार? सगळ्यांच्या पूजेचा वाहिलेला बेल ती रोज गोळा करून तुळशीच्या बुडाशी टाकायची. अण्णा मागच्या खोलीत दार लोटून पूजा करायचा. एक दिवस त्याचं बेलाचं पान तिनं बोटांत धरून उजेडात पाहिलं. पान कोरडं होतं. पाणी नाही, विभूतीचा कण नाही.  संध्याकाळी भाकरी थापता थापता तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग एकदम उठून दुकानात गेली आणि अप्पांना म्हणाली, "तुमचा वाद पुरं झाला. अय्यांस्नी बोलवा. सोमवारी समद्यांनी त्यांच्यापुढं बसून पूजा करायची, चन्नूनं बी. तोवर मी पाण्याला शिवणार न्हाई. आन त्याची डबी रिकामी निघाली, तर मग कधीच न्हाई."

तो शनिवार होता. वैशाखाचं ऊन, भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. अप्पांनी समजावलं, ओरडले. अण्णा तिच्यापुढं बसून राहिला. "अव्वा, पाणी पी. माजं-तुजं भांडण न्हाई." ती म्हणाली, "भांडण न्हाईच. माजं लेकरू जितं हाय का गेलं, तेवढं सोमवारी बघती." लिंग नसलेलं लेकरू तिच्या हिशेबी गेलेलंच होतं. आता मी म्हातारी झाले, तरी त्या बाईच्या हट्टीपणाचा मला अजून राग येतो. आणि तिच्या फुटलेल्या ओठांची आठवण आली की तो राग टिकत नाही.

रविवारी दुपारपर्यंत तिची जीभ जड झाली. शब्द नीट उमटेना. अण्णा मला परसात घेऊन गेला. "म्या उद्या खरं सांगणार हाय," म्हणाला. "खोटं लिंग गळ्यात बांधून अय्यांपुढं बसाया मला जमणार न्हाई. सांगतो आन पाया पडून पाणी पाजतो."

"ती पिणार न्हाई."

"पिईल गं. आई हाय."

त्याला तुरीच्या पोत्यांची गोष्ट ठाऊक नव्हती. तेव्हा तो शिकायला गेलेला होता. एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, पण घरातलं एवढं त्याला कळत नव्हतं. मी त्याला ती गोष्ट सांगितली. त्याचा चेहरा पडला, पण तो म्हणाला, "तरी बी खोटं बोलणार न्हाई." दोघंही अव्वाचीच लेकरं! हट्टात कुणी कुणाला हार जाईना.

सोमवारी सकाळी तो अंघोळीला गेला, डबी खुंटीला. मी माझी डबी उघडली. लिंग हातावर घेतलं, त्या खोकेवरून एकदा अंगठा फिरवला आणि ते त्याच्या डबीत ठेवलं. त्याची सुपारी माझ्या डबीत. एवढंच. दोन-चार क्षणांचं काम. मला वाटलं होतं की आभाळ कोसळेल, चूल विझेल, माझा हात झडेल. काही झालं नाही. समोर बाभळीवर कावळा ओरडत होता, तो ओरडतच राहिला. हैदराबादेच्या नदीकाठी अण्णाचंही असंच झालं असेल का, असं मला नंतर कितीदा तरी वाटलं. बायकांची पूजा पहाटेच स्वयंपाकघरात होऊन गेलेली असायची, त्यामुळं माझी डबी कुणी उघडायला लावणार नव्हतं. माझा सगळा विचार तेवढाच होता. अण्णाला सांगावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं म्हणजे आलं होतं. सांगितलं असतं तर त्यानं ते घेतलंच नसतं.

अय्यांच्या घंटेचा आवाज रस्त्यावरून आला. त्यांची पाद्यपूजा झाली. चुलीवर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, रटरटत होती, गुळाचा वास घरभर, आणि त्या वासातच अव्वा भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली. मास्तरही आले होते; भांडण विसरून नव्हे, निकाल ऐकायला. अय्या म्हणाले, "वादात काय हाय? ज्याच्या अंगावर लिंग तो भक्त, ज्याच्या अंगावर न्हाई तो भवी, बाहेरचा. बाकीचं बोलणं वारं. चन्नबसप्पा, डबी उघड."

अण्णा उभा राहिला.  त्यानं बसून मुकाट उघडली असती तर सगळं निभलं असतं. पण तो उभा राहिला, हात जोडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "अय्या, अप्पा, अव्वा, माजं ऐका. ह्या डबीत लिंग न्हाई. लई म्हैने झाले न्हाई. आत सुपारी हाय, म्याच ठेवलेली. तुमाला दुखवू नये म्हणून लपवलं, ती माजी चूक. पर जे मला खरं वाटत न्हाई ते म्या हातावर घेणार न्हाई."

अव्वाच्या तोंडून एक आवाज निघाला. रडण्याचा नव्हे, श्वास कोंडल्याचा. अप्पा पुढं झाले. अण्णानं सगळ्यांना दिसावी म्हणून डबी पुढं धरली आणि फिरकी उघडली.

आत लिंग!

 मग अय्या उठले, त्यांनी दोन्ही हात वर केले. "शिव शिव! न्हाई म्हणणाऱ्याच्या डबीत शिव आला!" अप्पा लहान मुलासारखे रडायला लागले. हमसून हमसून, दोन्ही हातांनी तोंड झाकून. मास्तरांनी नुसता घसा खाकरला. अव्वा भिंत धरत, सरपटत पुढं आली. तिनं लिंग बोटांनी चाचपलं, कपाळाला लावलं. बराच वेळ लावून धरलं.

अण्णा डबीकडं बघत होता. ती खोक त्यानं पाहिली. लहानपणी मला चिडवायला त्यानंच तिला ‘गंगीचा दात’ नाव ठेवलं होतं. "हे माजं न्हाई," तो म्हणाला. "हे..." आणि त्यानं मान वर केली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते आणि माझी मूठ माझ्या डबीवर आवळलेली होती.

"कुनाचं हाय मग?" अप्पांनी डोळे पुसत विचारलं.

लिंग काढून दिलेली पोरगी म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. अक्कलकोटकडच्या एका घरी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. त्यानं माझं नाव घेतलं असतं तर अव्वानं एका दिवसात दोन लेकरं गमावली असती. तो माझ्याकडं बघत राहिला. मी मान हलवली, नाही नाही नाही.

"कुनाचं न्हाई," अण्णा म्हणाला. "माजंच."

सगळ्या उन्हाळ्यात त्या माणसानं तोंडानं तेवढं एक खोटं सांगितलं, आणि ते माझ्यासाठी. अव्वानं पाणी मागितलं. मीच तांब्या नेला. निम्मं पाणी तिच्या लुगड्यावरच सांडलं.

मग काय विचारता! चार दिवस आमच्या अंगणात माणसांची रीघ. जळकोटची तर होतीच, पार नळदुर्गाकडूनही बैलगाड्या आल्या. अप्पा मूठमूठ गूळ वाटत होते, मास्तरांनाही दिला. लोक अण्णाच्या पाया पडायचे आणि तो पाय ओढून घ्यायचा, तर म्हणायचे, बघा किती लीन झाला! त्यानं एकाला सांगितलं, "म्या अजून बी मानत न्हाई." त्यावर अय्या हसून म्हणाले, "तू मान न्हाईतर नको मानू. त्यानं तुला मानलंय, आता तू आस्तिकच."  त्याला जे व्हायचं नव्हतं ते त्याला गावानं करून टाकलं, आणि कारण मी होते.

पाचव्या दिवशी तो मोटारीनं परत निघाला. अव्वा चार पावलांवर उभी होती, म्हणून आम्ही ओठ न हलवता बोललो.

"गंगे, सोन्यासारखं खरं बोललो होतो गं. मातीत घातलंस."

"अव्वा मेली असती."

"म्हाईत हाय." त्यानं गळ्यातल्या डबीला हात लावला. "ही तुजी अमानत हाय माज्याकडं. परत देईन."

ती परत देणं काही सोपं नव्हतं; अव्वा होती तोवर लिंग त्याच्याच डबीत असायला हवं होतं, आणि नंतर ते राहूनच गेलं. पुढं रझाकारांची धामधूम झाली, निजामाचं राज्य गेलं, माझं लग्न झालं. अण्णानं तिकडंच वकिली केली, संसार केला. तो आला की अव्वा आधी त्याच्या गळ्याशी हात नेऊन डबी चाचपायची, मग ‘कसा हाईस’ विचारायची. माझ्या पूजेच्या वेळी मात्र ती त्या दिवसापासून कधी माझ्याजवळ बसली नाही, आणि चिंचोक्यावरून कधी दटावलंही नाही. तिनं ती खोक ओळखली होती का? तिच्या शेवटपर्यंत मला विचारायचं धाडस झालं नाही.

मी रोज पूजा केली. सुपारीची. किडू नये म्हणून तिला मेण, राख आणि काजळाचा लेप चढवला, तो झिजला की परत चढवला. कुणाला दिसू नये म्हणून पूजा करताना डाव्या हातावर पदर ओढून घ्यायचे. सासूला वाटायचं, सून फार भाविक. पोरांची आजारपणं, नवऱ्याचं ऑपरेशन, सगळं मी त्या सुपारीला सांगितलं. नातू विचारतो, आजी, तू नक्की कोण, आस्तिक की नास्तिक? मी म्हणते, बाबा, तू गप जेव.

अण्णा गेल्याची तार आली तेव्हा मी हैदराबादेला गेले. वहिनी माझ्या गळ्यात पडल्या. "वन्सं, चाळीस वर्षांत एक दिवस पूजा केली नाही ह्यांनी," म्हणाल्या, "पण डबी अंघोळीलासुद्धा काढली नाही. विचारलं तर म्हणायचे, माझी नाही, गंगूची अमानत आहे. मला कधी कळलं नाही." स्मशानात खड्डा तयार होता. तिथल्या अय्यांनी घाई केली, लिंग हातावर ठेवायचं होतं. मी म्हटलं, भाऊ माझा आहे, मी ठेवते. त्याला पुरायला बसवलं होतं. मी त्याच्यापुढं गुडघ्यांवर बसले, पदर पुढं ओढला आणि पदराखाली दोन्ही डब्या उघडल्या. त्याच्या डाव्या तळहातावर त्याची सुपारी ठेवली आणि एकेक बोट मिटवलं. अय्यांनी मुठीत काहीतरी काळं पाहिलं, शिव शिव म्हणाले. माझं लिंग मी माझ्या डबीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून पूजेला बसले. लिंग हातावर घेतलं. अंगठा बरोबर खोकेवर गेला, जसा काही कालच तिथं होता. पाणी घातलं, बेल वाहिला, आणि सवयीनं हातावर पदर ओढून घेतला. मग लक्षात आलं की आता झाकण्यासारखं काही उरलेलं नाही. अण्णा गेला, हे मला खरं तेव्हा कळलं.